रावसाहेबाचा हीटर

गाडीतला माल रोज उतरतो, किस्से उतरत नाहीत. कधी सीट उचलून बघा. खाली एक तेलकट फडकं निघेल, कुठल्या जागेचा ते कुणालाच माहीत नसलेला एक बोल्ट निघेल, आणि चार-दोन किस्से निघतील. आम्ही तर तीन ड्रायव्हर. घाटाखालच्या गावांतून पहाटे दूध गोळा करायचं, घाट चढून धारूरला यायचं, घाटमाथ्यावर कौसामावशीच्या टपरीत चहा घ्यायचा आणि अंबाजोगाईला डेअरीत कॅन उतरवायचे. रोज तोच रस्ता, तीच वळणं. तरी किस्से इतके झालेत की कुठला आधी घडला यावरून आमची भांडणं होतात!

हीटरचे किस्से मात्र मला ओळीनं पाठ आहेत. त्यातल्या एकातसुद्धा माझी बाजू वर नाही. म्हणून विसरता येत नाहीत.

*

रावसाहेब हे नुसतं नाव. रुबाब वगैरे काही नाही. शाळेत माझ्याच बाकावर होता, पण गणितात माझ्यापुढं, कबड्डीत माझ्यापुढं, लग्नसुद्धा माझ्याआधी! आयुष्यात एकदाच मी त्याच्यापुढं गेलो. त्याच्याकडं खडखडणारा तीनचाकी टेम्पो होता, तेव्हा मी कोरी करकरीत पांढरी पिकअप घेतली. गाणी वाजणारी, मागचं दाखवणारा कॅमेरा असलेली. वर्षभर मी टपरीवर चहा घेताना गाडीला टेकूनच उभा राहायचो.

मग त्यानं टेम्पो विकला आणि नाशिककडच्या एका बागायतदाराच्या शेडमध्ये पडून असलेली जुनी परदेशी पिकअप आणली. आम्हा दोघांच्याही आधी जन्मलेली! फिकट हिरवा रंग, गोल डोळ्यांसारखे दिवे, पावासारखं फुगलेलं बॉनेट. आमचा तिसरा गडी सुभाष. त्यानं आत डोकं घातलं. डॅशबोर्डवर तीन दांड्या होत्या, एकीच्या दोन टोकांना लाल आणि निळा ठिपका.

"ह्ये काय बे?"

"हीटर हाय," रावसाहेब म्हणाला.

आम्ही इतके हसलो की कौसामावशी चहा गाळायची थांबली. बीड जिल्ह्यात हीटर! इथं मार्च लागला की स्टिअरिंगला फडकं गुंडाळावं लागतं.

मी म्हणालो, "घ्यायचाच तर फ्रिज घ्यायचा व्हता की! दूध तरी टिकलं असतं."

रावसाहेब फडक्यानं दिवे पुसायला लागला. डिसेंबर यायचा होता.

डिसेंबर आला. पहाटे घाटात असा गारठा की गिअरची दांडी हाताला चिकटते. मी माथ्यावर उतरलो तेव्हा माझ्या अंगात स्वेटर, त्यावर जर्किन, कानटोपी, वर मफलर. सुभाषनं तर बायकोची शाल गुंडाळलेली. आम्ही दोघं कौसामावशीच्या स्टोला हात शेकत होतो. तेवढ्यात हिरवी गाडी आली. दार उघडलं. आतून वाफेसारखी ऊब बाहेर आली आणि मागून रावसाहेब उतरला. अंगात नुसता बनियन! शर्ट खांद्यावर.

कपाळावरचा घाम पुसत म्हणतो कसा, "लई उकडतंय बे!"

*

त्या दिवसापासून टपरी हलली. म्हणजे टपरी जागेवरच, चहा पिणारे हलले.

त्या केबिनमध्ये तिघं बसतात. पहिल्या दिवशी रावसाहेब आणि सुभाष चहा घेऊन आत बसले. मला बोलावलं. मी म्हटलं, "नगं. मला काय थंडी वाजत न्हाई." दात वाजत होते ते दिसू नये म्हणून पाठ फिरवून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आज कुणी बोलावलं की लगेच जायचं. पण कुणी बोलावलंच नाही. कारण तिसऱ्या जागेवर कौसामावशी बसली होती! टपरी सोडून, पदर सावरून, आपलाच चहा आपण पीत.

काच खाली करून मला म्हणाली, "इष्णू, स्टोकडं बघ रं जरा. उतू जाईल."

मी स्टोकडं बघत उभा. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला. एक चहा मागितला. आता त्याला काय सांगणार? दिला गाळून. त्यानं एक घोट घेतला, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "मावशीनं नवा मानूस ठिवला वाटतं. चा बरा करतोस!"

गाडीतली तिघं काचेआड हसत होती. मला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं.

*

एक किस्सा छोटा आहे, पण मला तो सगळ्यात लागला.

आम्ही टपरीवर होतो. पुण्याकडची एक मोठी गाडी थांबली. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक साहेब उतरला आणि हिरव्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालायला लागला. "वा! वा! ओरिजिनल बंपर! आणि हीटर चालू आहे? खरंच चालू आहे?" रावसाहेबानं दांडी सरकवून दाखवली. साहेबानं आत हात घालून ऊब बघितली आणि मूल पहिल्यांदा पाऊल टाकतं तेव्हा बाप हसतो तसा हसला.

मग फोटो. रावसाहेब दाराला टेकून, सुभाष बॉनेटपाशी. मीही केस सारखे केले आणि पुढं झालो.

साहेब म्हणाला, "दादा, एक मिनिट हं. ती पांढरी गाडी तुमची ना?"

माझी छाती फुगली. "हो, माझीच!"

"जरा बाजूला घ्याल का? फ्रेममध्ये येतेय."

*

जानेवारीत रावसाहेबाला ताप भरला. त्याचं दूध कोण नेणार? सुभाषची गाडी भरलेली. मी म्हटलं, "मी नेतो. माझं दूध भाऊ नेईल माझ्या गाडीतून, मी तुझी गाडी नेतो." मदत करायची होती हे खोटं नाही. पण त्या सीटवर बसायचं होतं हे जास्त खरं.

इंजिन तापल्याशिवाय हीटर तापत नाही, एवढं मला ऐकून माहीत होतं. घाट चढेपर्यंत दम धरला. मग मोठ्या थाटात दांडी लाल ठिपक्याकडं ओढली आणि पंखा फुल केला.

पायावर बर्फ ओतल्यासारखा वारा आला! वाटलं, सुरुवातीला असंच असेल. थांबलो. आणखी गार. दांडी जोर लावून लालच्या पार टोकाला दाबली. पंखा बंद करायला गेलो तर त्याचं बटण माझ्या हातात आलं. अंबाजोगाईपर्यंत मी तसाच गेलो, एक पाय दुसऱ्या पायावर घासत. डेअरीतल्या माणसानं विचारलं, "लंगडताय का?"

संध्याकाळी बटण परत द्यायला रावसाहेबाकडं गेलो. तो गोधडीत होता. मी शिंका देत सांगितलं, "बेकार हीटर हाय तुझा. नुसता थंड वारा मारतो."

तो तापातही उठून बसला. "लालकडं वढलास व्हय?"

"मग कुठं वढू? लाल म्हंजी गरम!"

"न्हाई. लाल म्हंजी थंड. गफूरचाचानं केबल उलटी बसवलीया."

गफूरचाचा धारूरचा जुना मेकॅनिक. त्याच्या हातून अशी चूक? मी म्हटलं, "मग दुरुस्त कावून करून घेत न्हाईस?"

रावसाहेब गोधडी ओढून परत आडवा झाला. "दुरुस्त केली तर कुनीबी चालवंल की!"

*

पुढच्या थंडीची मी तयारी केली. मोबाईलवर बघून एक हीटर मागवला, सिगारेट पेटवायच्या खोबणीत लावायचा. चित्रात त्याच्यासमोर एक बाई आनंदानं गालाला हात लावून बसली होती. खोक्यातून निघाला तो साबणाच्या डबीएवढा.

तरी लावला. मिनिटभर खरंच गरम वारा आला. नाकाएवढ्या जागेला. मग एक वास आला, आणि गाणं बंद पडलं. फ्यूज उडाला. गाण्यासोबत हॉर्नही गेला.

आता धारूरचा घाट आणि हॉर्न नाही! प्रत्येक वळणावर मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होतो, "आलो रेऽऽ! बाजूला!" गार वारा तोंडावर घेत, कानटोपी उडून गेलेली. समोरून उसाची बैलगाडी आली. बैल आपसूक कडेला झाले. गाडीवान मात्र हात जोडून म्हणाला, "देवाचं नाव घ्या पाटील, सगळं ठीक हुईल."

*

हे हसण्यावारी गेलं असतं. पण मंदाचं प्रकरण आलं.

मंदा माझी बायको. तिचा उजवा गुडघा थंडीत धरतो. दर गुरुवारी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात दाखवायला जायचं होतं, नंबर लागायचा तर पहाटेच निघायला हवं. पहिल्या गुरुवारसाठी मी आदल्या दिवशी गाडी धुतली. सीटवर घरातलं नवं ब्लँकेट घातलं. तिच्या आवडीची गाणी भरून घेतली.

पहाटे ती अंगणात आली, ब्लँकेट बघितलं, हात फिरवला. म्हणाली, "अहो, राग मानू नका. मी रावसाहेब भाऊजींच्या गाडीत जाते."

"कावून?"

"गुडघ्याला शेक बसतो म्हनं त्यांच्या गाडीत."

आणि गेली! मी ब्लँकेट घातलेली सीट घेऊन तिच्या मागं मागं घाट चढलो. पुढच्या गाडीची मागची काच उबेनं धूसर झालेली, त्यात तिच्या डोक्याची सावली. ती हसत होती की नव्हती, ठाऊक नाही. मला हसताना दिसली.

संध्याकाळी विचारलं, "डॉक्टर काय म्हनले?"

"म्हनले, शेकानंच फरक पडंल. चालू ठिवा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. रावसाहेबाबद्दल काही वाईट मनात आलं, असं नाही. तो तसा माणूसच नाही. हेच तर दुखत होतं. गणित, कबड्डी, गाडी, सगळं सोसलं होतं. पण माझ्या बायकोचा गुडघा त्याच्या हीटरनं बरा व्हावा?

*

आता जे सांगतो ते मी पुढचे पाच महिने कुणाला सांगितलं नव्हतं.

गफूरचाचानं त्या गाडीच्या बॉनेटखाली, हीटरकडं जाणाऱ्या पाण्याच्या पाइपात एक छोटा हाताचा नळ बसवलेला होता. उन्हाळ्यात गरम पाणी केबिनकडं जाऊच नये म्हणून चाचाच तो फिरवायचा, मी एकदा बघितलं होतं. तो बंद केला की आत दांडी कुठंही ओढा, हीटर थंडच. सोमवारी डेअरीत सगळे कॅन मोजून देत असताना मी बॉनेट उचललं, नळ दोन वेढे फिरवला आणि बॉनेट खाली ठेवलं. कॅन मोजून व्हायच्या आत काम झालं.

मंगळवारी रावसाहेब स्वेटर घालून उतरला. बुधवारी कानटोपी. काय सांगू, मला त्या दोन दिवसांत किती बरं वाटलं! "काय झालं रे हीटरला?" असं मीच विचारलं. "सवडीनं दाखवतो चाचाला," तो म्हणाला. मला वाटलं, आता गुरुवारी मंदा माझ्या गाडीत बसणार.

गुरुवारी पहाटे दाट धुकं. मी मंदाला म्हटलं, "त्येचा हीटर बंद हाय म्हनं."

ती म्हणाली, "आसू द्या. सांगितलंय त्यांना, वाट बघत असतील." आणि गेली.

घाटात मी तिच्या मागंच होतो. तिसऱ्या वळणावर पुढच्या गाडीचे दिवे डावीकडं सरकताना दिसले. हळूच, कुणीतरी हातानं ढकलल्यासारखे. मग पत्र्याचा आवाज आणि कॅन कोसळल्याचा आवाज. गाडी कडेच्या नालीत कलंडली होती. उजवीकडं गेली असती तर त्या बाजूला दरी होती.

मी गाडी कशी थांबवली आठवत नाही. पळत जाऊन दार ओढलं. मंदा आत होती. कपाळाला खोक पडून रक्त आलेलं, पण शुद्धीवर. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर रावसाहेबाची घोंगडी नीट खोचून घातलेली होती.

"काच आतून पांढरी झालती," रावसाहेब म्हणाला. त्याचा ओठ फुटला होता. "हीटर असता तर वारा काचेवर सोडला असता. हातानं पुसत व्हतो. वहिनी, माफ करा मला."

तो माफी मागत होता! माझ्यासमोर, माझ्या बायकोची!

रस्त्यावरून दूध वाहत खाली चाललं होतं आणि मी त्यात उभा होतो.

मंदाला तीन टाके पडले. दुपारी मी माझ्या पांढऱ्या गाडीनं हिरवी गाडी ओढून गफूरचाचाकडं नेली. चाचानं बॉनेट उचललं, वाकला, आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

रावसाहेबानं विचारलं, "काय झालतं चाचा?"

"नल बंद था."

"आपोआप?"

चाचानं हात पुसला. "थंडी के दिन हैं. नल भी अकड जाता."

रावसाहेब पाणी प्यायला आत गेला, तेव्हा चाचा माझ्याजवळ आला. आवाज अगदी हळू. "मियां, चालीस साल से गाडियाँ देखरा हूँ. नल आप से आप बंद नई होता."

मी खाली बघितलं.

"फिर नई होना," एवढंच म्हणाला.

*

त्यानंतर मी रावसाहेबाशी फार चांगला वागायला लागलो. त्याचे कॅन उतरवू लागलो, टपरीवर आधी त्याला चहा देऊ लागलो. सुभाष म्हणाला, "ह्येला काय झालंय बे? आजारी हाय का?" रावसाहेब मात्र पूर्वीसारखाच हसायचा, पूर्वीसारखाच बोलायचा. मला ते रोज जड जायचं.

मे महिन्यात माझ्या गाडीची क्लच प्लेट गेली. रावसाहेब आपणहून म्हणाला, "तुझे कॅन माझ्या गाडीत टाक. तूबी चल." दोघांचं दूध, दोघं माणसं, आणि म्हातारी गाडी. त्या दिवशी निघायला उशीर झालेला, सकाळचे नऊच वाजले होते, तरी दगड तापलेले. घाटाच्या मध्यावर तापमानाचा काटा वर चढायला लागला.

रावसाहेबानं गाडी कडेला घेतली. फडकं गुंडाळून बॉनेट उचललं आणि मला बोलावलं.

"ह्यो नळ बघितलास का कधी?"

मी रस्त्याकडं बघत म्हणालो, "न्हाई बा."

"औंदापासनं उन्हाळ्यात मीच बंद ठिवतो ह्येला. पन आसं इंजिन तापलं ना, की उघडायचा. आन् आत हीटर फुल करायचा. इंजिनाची गरमी आत वढून घेतोय. गाडी वाचती." त्यानं नळ दोन वेढे फिरवला. "बस."

बसलो. त्यानं दांडी सरकवली, पंखा लावला. बाहेर मे महिना आणि आत हीटर! भट्टीचं दार उघडावं तसा वारा पायावर आला. पाच मिनिटांत माझा शर्ट पाठीला चिकटला. पण काटा खरंच खाली यायला लागला. घाटमाथा आला तेव्हा तो मध्यावर होता.

"झालं की," मी म्हणालो. "बंद कर आता."

"केबल अडकलीया," रावसाहेब समोर बघत म्हणाला.

कौसामावशीची टपरी आली. मावशीनं हात केला. रावसाहेबानं हॉर्न दिला आणि गाडी थांबवली नाही. धारूर मागं पडलं. माझ्या बाजूची काच अर्ध्यातच अडकते. त्या अर्ध्या फटीतून उन्हाचा वारा यायचा, तोही गार वाटावा असा आतला जाळ. घाम डोळ्यांत जात होता. मी रावसाहेबाकडं बघितलं. त्याच्याही हनुवटीवरून घाम गळत होता. तरी तो शांतपणे गाडी चालवत होता, रोजच्यासारखा, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"रावसाहेब."

"हां."

"मला उतरू दे. मी मागं कॅनपाशी बसतो."

"दूध उन्हात हाय. थांबता येत न्हाई."

आणखी दोन-तीन किलोमीटर गेलो. मंदाच्या कपाळावरचे टाके माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. मी डोळे मिटले.

"नळ मी बंद केलता," मी म्हणालो. "डिसेंबरात. तुझ्यावर जळत व्हतो मी. लहानपनापसून जळतोय. वहिनी म्हनून तू माफी मागितलीस तिची, तवाच सांगायला पायजे व्हतं. तोंड उघडलं न्हाई."

पुढं एक वळण होतं. रावसाहेबानं ते सावकाश घेतलं, गिअर बदलला, गाडी सरळ रस्त्याला लागली.

मग त्यानं एक बोट पुढं केलं आणि दांडी अलगद सरकवली.

"निघाली बघ केबल!" तो म्हणाला.